डिफरन्शियलमध्ये कोणते ऑइल?

ऑफ-रोड गाड्यांच्या मागच्या अ‍ॅक्सलमधले क्राउन-पिनियन बहुधा हायपॉइड घडणीचे असतात. पिनियनचा आस क्राउनच्या मध्यापेक्षा खाली असल्याने दाते फिरता फिरता एकमेकांवर घासतातही. या घासण्याच्या दाबाखाली साधे ऑइल पुसले जाते, म्हणून गंधक-फॉस्फरसयुक्त रसायने मिसळलेले जीएल-५ दर्जाचे गिअर ऑइल लागते. मात्र हेच ऑइल सरसकट गिअरबॉक्समध्येही ओतू नये. जीएल-४ सांगितलेल्या गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना त्यातली काही रसायने बाधतात.

दाटपणाचा प्रश्न त्यानंतरचा. बऱ्याच गाड्यांना ८०डब्ल्यू-९० चालते. लडाखच्या थंडीत ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक लवकर वाहते, तर जड ओझे आणि उन्हाळी चढणीसाठी काही उत्पादक ८५डब्ल्यू-१४० सुचवतात. शेवटचा शब्द गाडीच्या पुस्तिकेचा. ‘जाड तेवढे चांगले’ हा गॅरेजमधला समज खरा नाही. क्लच प्लेट असलेल्या लिमिटेड स्लिप डिफरन्शियलला फ्रिक्शन मॉडिफायरही लागतो, नाहीतर वळणावर मागून कडकड ऐकू येते.

ऑइलचा खरा शत्रू पाणी. तापलेला अ‍ॅक्सल ओढ्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर चोंदलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढले जाते. त्यामुळे खोल पाण्यातून गाडी काढल्यावर फिलर प्लग उघडून ऑइल बघावे. दुधाळ दिसले तर ते किलोमीटर न मोजता बदलावे. बदलताना आधी फिलर प्लग सैल होतो ना, हे पाहावे आणि मगच ड्रेन प्लगला हात घालावा.