वर्गांतील बैठक

बांक आणि मेज हा कांहीं नभोवाणीवरून बोलावयाचा विषय आहे काय, अशी शंका आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत येईल. महाविद्यालय म्हटलें कीं आपण प्राध्यापकांविषयीं बोलतों, ग्रंथालयाविषयीं बोलतों, निकालाविषयीं तर बोलतोंच. परंतु आपला मुलगा किंवा मुलगी रोज पांच-पांच तास ज्या फळीवर बसते ती जमिनीपासून किती उंच आहे, याची चौकशी कोणा पालकानें केल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. घरीं एक खुर्ची घ्यावयाची झाली तरी आपण दुकानांत तिच्यावर बसून पाहतों, पाठ टेकून पाहतों, आणि मग किमतीची घासाघीस करतों. वर्गांतील बांकाची गोष्ट उलटी आहे. जो तो विकत घेतो त्याला त्यावर बसावयाचें नसतें, आणि ज्याला बसावयाचें असतें त्याला कोणी विचारीत नाहीं.

रायगड जिल्ह्यांतील कर्जत आणि खालापूर हे घाटपायथ्याचे दोन तालुके आपण नमुन्यादाखल घेऊं. समुद्र येथून दूर. माथेरानचा डोंगर आणि बोरघाट मात्र उशाशीं. कर्जतला आज कोकण ज्ञानपीठाचें महाविद्यालय आहे, खोपोलीस के. एम. सी. महाविद्यालय आहे, रसायनीस अभियांत्रिकीचें शिक्षण मिळतें, आणि कर्जत तालुक्यांत एक खासगी विद्यापीठहि अलीकडे उभें राहिलें आहे. या संस्थांचे बांक चांगले कीं वाईट, हा माझा आजचा विषय नव्हे. तेथें बसणारीं मुलें कोठून आणि कशीं येतात हें ध्यानांत घ्यावें, एवढेंच माझें म्हणणें आहे. कोणी कशेळ्याहून किंवा कडावहून एस. टी. च्या गाडीनें येतो, कोणी चौकहून, कोणी नेरळ-बदलापूरच्या बाजूनें लोकल गाडीनें. लोकलमध्यें तिघांच्या बांकावर चौथ्यानें कडेला टेकावयाचें हा तर आपला अलिखित कायदाच आहे. म्हणजे पहिल्या तासाची घंटा होण्यापूर्वींच मुलाच्या पाठीची निम्मी शक्ति खर्च झालेली असते. अशा मुलाला वर्गांतल्या बैठकीनें विसांवा द्यावा कीं उरलीसुरली शक्तीहि काढून घ्यावी?

आतां ही बैठक मोजावयाची कशी, तें पाहूं. गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून टांचेपर्यंतचें अंतर हें माणसाच्या उंचीच्या सुमारें चौथा हिस्सा भरतें. त्यांत पादत्राणाची दोन-अडीच सेंटिमीटर जाडी मिळविली कीं आसनाची योग्य उंची निघते. भारतांतील प्रौढ स्त्रीची सरासरी उंची सुमारें १५२ सेंटिमीटर आहे. तिच्यासाठीं हें गणित ४० ते ४१ सेंटिमीटरांवर येतें. पुरुषाची सरासरी १६५ च्या आसपास धरली, तर ४३-४४ होतात. बाजारांत मिळणारी खुर्ची मात्र बहुधा ४५ सेंटिमीटरांची असते. युरोपांत शाळेच्या सामानासाठीं १७२९ क्रमांकाचें एक मानक आहे. त्यांत लहानापासून मोठ्यापर्यंत आठ मापें सांगितलीं आहेत, आणि ४६ सेंटिमीटर उंचीचें आसन तेथें १५९ सेंटिमीटरांहून उंच व्यक्तीसाठींच मानलें आहे. त्या हिशेबानें आपल्याकडील बहुसंख्य मुली रोज दुसऱ्याच कोणाच्या तरी खुर्चीवर बसतात असें म्हणावें लागेल.

चार-पांच सेंटिमीटरांनीं असा काय मोठा फरक पडतो, असें कोणी म्हणेल. फरक पडतो तो असा. टांचा जमिनीला नीट टेकल्या नाहींत म्हणजे पायांचा भार मांड्यांवर येतो, आसनाची कड गुडघ्याच्या मागें रुतते, आणि थोड्या वेळानें पायांना मुंग्या येतात. मग मुलगी पाय टेकविण्यासाठीं पुढें सरकते. पुढें सरकली कीं पाठीमागचा टेकू सुटतो. टेकू सुटला कीं कंबर मागें कलते आणि कण्याचा स्वाभाविक बांक उलटा होऊन पाठीची कमान होते. स्वीडनमधील शल्यवैद्य आल्फ नाखेमसन यांनीं १९६० नंतरच्या काळांत प्रत्यक्ष मणक्यांमधील गादीवर पडणारा दाब मोजून पाहिला. टेकू सोडून पुढें वांकून बसलेल्या माणसाच्या गादीवर उभ्या माणसापेक्षां अधिक दाब पडतो, आणि मागें टेकल्यावर तो उतरतो, असें त्यांना आढळलें. "बसून बसून काय दमतेस?" असें आपण मुलीला घरीं विचारतों, तिनें त्याला काय उत्तर द्यावें?

खुर्ची सुटी असली तर ती निदान पुढें-मागें ओढतां येते. आपल्याकडे बांक आणि मेज एकाच सांगाड्यांत जोडलेले असतात, आणि येथें एक मौजेची अडचण उत्पन्न होते. लिहावयाचें तर मेजाची कड आसनाच्या कडेच्या किंचित् आंत, म्हणजे मांडीवर आलेली असावी. तरच पाठ टेकून लिहितां येतें. परंतु शिक्षक वर्गांत आले कीं उभें राहावयाचें असतें, आणि त्यासाठीं दोहोंमध्यें मोकळी जागा पाहिजे! एकोणिसाव्या शतकांत जर्मन आणि स्विस वैद्यांनीं या अंतरावरून बराच खल केला. ब्रेस्लाउ येथील नेत्रवैद्य हेर्मान कोन यांनीं १८६७ मध्यें १०,०६० विद्यार्थ्यांचे डोळे तपासून अहवाल प्रसिद्ध केला, आणि वरच्या वर्गांत जावें तसतशी ऱ्हस्व दृष्टि वाढते हें दाखवून दिलें. मंद उजेड आणि मुलाला वहीवर ओणवें करणारा बांक, या दोहोंवर त्यांचा रोष होता. ऱ्हस्व दृष्टीचा सगळा दोष बांकाच्या माथीं मारणें आज कोणी मान्य करणार नाहीं. पण शाळेच्या सामानाला वैद्यकाच्या कक्षेंत आणण्याचें श्रेय त्या पिढीला द्यावयास हवें. आपल्याकडे जोडबांकांत उभें राहण्याचाच विजय झाला आहे. मधलें अंतर मोकळें, आणि लिहिणारा पुढें लोंबकळलेला.

या संदर्भांत डेन्मार्कमधील शल्यवैद्य मांडाल यांचें एक निरीक्षण मला फार मार्मिक वाटतें. मुलें खुर्ची पुढच्या दोन पायांवर कलवून डोलत बसतात आणि शिक्षक त्यांना रागावतात, हें दृश्य सर्व देशांत सारखेंच. मांडाल म्हणाले, हा व्रात्यपणा नव्हे. आसन पुढें उतरतें झालें कीं मांडी व धड यांमधला कोन मोठा होतो आणि पाठ आपोआप सरळ होते, हें मुलाच्या शरीराला पुस्तकांवांचून कळलेलें असतें. त्यांनीं उंच, पुढें उतरत्या आसनाचा आणि उतरत्या मेजाचा पुरस्कार केला. त्यांचें सगळेंच म्हणणें सर्वांना पटलेलें नाहीं. उतरत्या मेजाबद्दल मात्र आपण तरी नवल मानूं नये. आपला जुना कारकून जमिनीवर मांडी घालून बसे, पण लिहितांना पुढ्यांत उतरत्या फळीचें ठेंगणें मेज घेई.

मग बांक काढून पुन्हां सतरंज्याच कां घालूं नयेत? हा प्रश्न थट्टेनें विचारला जातो, पण त्यांत तथ्य आहे. जमिनीवरचा माणूस घटकेंत मांडी मोडतो, पाय बदलतो, एक गुडघा उभा करतो. आणि कोणत्याहि उत्तम आसनापेक्षां बैठक बदलण्याची मोकळीक शरीराला अधिक मानवते. तथापि ठेंगण्या मेजावांचून जमिनीवर तीन तासांची उत्तरपत्रिका लिहिणें ही शिक्षाच आहे, आणि प्रयोगशाळा किंवा संगणक यांना सतरंजी उपयोगाची नाहीं.

कर्जत-खालापुराला हवेचाहि विचार करावा लागतो. येथें वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो, आणि एप्रिल-मेमध्यें पारा चाळीस अंशांजवळ जातो. चार महिन्यांच्या ओलीनें दाबाच्या फळ्यांचे पदर सुटतात, लोखंडी पाय गंजतात, खिळे ढिले पडतात, आणि बांक डुगडुगूं लागतो. मग कागदाची घडी करून ती पायाखालीं सारावयाची हा विद्यार्थ्यांचा ठरलेला उपाय. भिजलेल्या कपड्यांनीं आलेला मुलगा अखंड प्लास्टिकच्या आसनावर बसला तर दुपारपर्यंत ओलाच राहतो. मधें फटी ठेवलेल्या लांकडी पट्ट्यांचें जुनें आसन दिसायला ओबडधोबड, पण पावसांत आणि घामांत तेंच बरें, असें माझें मत आहे.

डावखुऱ्या मुलांची गोष्ट तर कोणाच्या गांवींहि नसते. उजव्या हाताला फळी असलेल्या खुर्चीवर डावखुरा विद्यार्थी कंबरेंतून पिळून बसतो. त्याची पाठ तर दुखतेच, शिवाय परीक्षेंत तो शेजाऱ्याकडे पाहतो असा संशय येतो तो निराळाच. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीं २०१६ च्या कायद्यानें उच्च शिक्षणांत निदान पांच टक्के जागा राखून ठेवण्यास सांगितलें आहे. जागा राखली, पण चाकाची खुर्ची आंत जाईल एवढें मोकळें मेज वर्गांत नसलें, तर ती राखलेली जागा कागदावरच राहते.

यावर उपाय फार खर्चाचा आहे असें नाहीं. शंभर बांक एकाच मापाचे घेण्याऐवजीं दोन मापांचे घ्यावे. ठेंगणे पुढच्या रांगांत मांडले तर मागच्यांना फळाहि दिसतो. जुने बांक टाकवत नसतील तर त्यांच्या खालीं पाय टेकण्यास एक आडवी पट्टी ठोकावी. तेवढ्यानें मांडीवरचा भार उतरतो. दर तासाला दोन मिनिटें उभें राहूं द्यावें. आणि मागणीपत्र लिहिण्यापूर्वीं वीस-पंचवीस मुलामुलींच्या गुडघ्याची उंची शिंप्याच्या फितीनें मोजून घ्यावी. हें मोजमाप मार्चमध्यें, मुलें वर्गांत असतांनाच झालें पाहिजे. कारण सुटी लागल्यावर मोजावयास कोणी उरत नाहीं, आणि जूनमध्यें पाऊस धरल्यावर आलेलें सामान व्हरांड्यांत भिजत पडतें.