मातृवृक्षावरच रुजणारे बीज

हिवाळा सरू लागला की मुंबईकरांची पावले शिवडीच्या बंदराकडे वळतात ती रोहित पक्षी पाहण्यासाठी. खाडीकाठी उभी असलेली तिवराची झाडे मात्र दुर्लक्षितच राहतात. वास्तविक त्यांच्या बीजात निसर्गाचे एक नवल दडलेले आहे.

हरभरा किंवा मूग यांचे दाणे झाडावर पक्व होताना वाळतात आणि सुप्तावस्थेत जातात. हे घडवून आणते अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक. बीजवाढीच्या उत्तरार्धात त्याचे प्रमाण वाढते, अकाली अंकुरण रोखले जाते आणि भ्रूणात विशिष्ट प्रथिने तयार होऊ लागतात. पाणी निघून गेल्यावरही पेशींची रचना ढासळू नये, हे या प्रथिनांचे काम. म्हणूनच डब्यात ठेवलेले कडधान्य वर्षभरानंतरही भिजवले की मोड धरते.

तिवराची रीत याच्या उलट आहे. त्याचा भ्रूण विश्रांती घेतच नाही. फळ झाडावर असतानाच तो बीजावरण भेदून वाढतो. फक्त फळाच्या सालीबाहेर पडत नाही. कांदळाचा अंकुर तर फळ फोडून शेंगेसारखा खाली लोंबतो. अशा खारफुटींच्या भ्रूणात अ‍ॅब्सिसिक आम्लाचे प्रमाण त्यांच्या अन्य आप्त वनस्पतींच्या तुलनेत कमी असते, असे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. तिवराच्या बीजात ती संरक्षक प्रथिनेही आढळलेली नाहीत.

भरती-ओहोटीच्या चिखलात या घाईचा लाभ होतो. फळ पाण्यात पडताच साल सुटते आणि तयार रोप अल्पावधीत मूळ धरते. पण त्याची किंमतही मोठी आहे. हे बीज वाळले की मरते. त्यामुळे धान्याप्रमाणे ते वाळवून बियाणे-पेढीत वर्षानुवर्षे जपता येत नाही.

शिवडीच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. येथून न्हावाशेव्याला जाणारा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. कांदळवनांना २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालाचे संरक्षण आहे. तरी व्यापक लोकहिताच्या कामासाठी तोडीस परवानगी मिळू शकते. अशा वेळी नव्या लागवडीचे आश्वासन दिले जाते. मात्र त्या लागवडीसाठी लागणारे ताजे बीज जिवंत, फळणाऱ्या झाडांवरूनच मिळते. उभे तिवर हेच तिवराचे एकमेव कोठार आहे.