बोटे बरोबर, तरी कुलूप उघडेना!

एक कोडे सोडवून पाहा. समजा, धुळ्याच्या एका शाळेतील संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली आहे. प्रात्यक्षिकांचे गुण त्यात असल्यामुळे त्याची सगळी डिस्क कूटबद्ध केली आहे. मराठीत गुणपत्रके तयार करता करता शिक्षकांनी डिस्कचा परवलीचा शब्द बदलला आणि ‘केळी’ असा ठेवला. (खरा शब्द इतका लहान कधीच ठेवू नये. येथे तो केवळ उदाहरणासाठी घेतला आहे.) पुढे प्रदर्शनासाठी संगणक जळगावला नेला. सुरू करताच त्याने परवलीचा शब्द मागितला. शिक्षकांनी त्याच कळा त्याच क्रमाने दाबल्या. उत्तर आले, ‘शब्द चुकीचा आहे!’

प्रवासात डिस्क बिघडली काय? घाईने निष्कर्ष काढू नका.

कळ अक्षर पाठवत नाही

कळ दाबली की संगणकाकडे अक्षर जात नाही, त्या कळीचा क्रमांक जातो. त्या क्रमांकाचे अक्षर कोणते, हे ठरवणारा तक्ता संगणकात असतो. भारतीय मानकातील इनस्क्रिप्ट मांडणीत ‘केळी’साठी रोमन के, एस, शिफ्ट धरून एन आणि आर या कळा दाबाव्या लागतात. मराठी तक्ता असेल, तर क, मात्रा, ळ आणि दीर्घ वेलांटी अशी ४ चिन्हे तयार होतात. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत त्यांतील प्रत्येकाला ३ बाइट लागतात, म्हणजे एकूण १२. रोमन तक्ता असेल, तर त्याच कळांमधून फक्त ४ बाइट निघतात.

आता कोड्याची गाठ सुटते. कुलूप उघडण्यापूर्वी लिनक्सची एक छोटी, आरंभीची प्रणाली काम करत असते. कळफलकाचा तिचा तक्ता वेगळा असतो, आणि तो सहसा रोमन असतो. मराठीची निवड तर कुलपाच्या आत, डिस्कवर राहते! शिवाय टंकलेली अक्षरे पडद्यावर उमटत नाहीत, त्यामुळे फरक लक्षात येत नाही.

कुलपाची रचना

लिनक्समध्ये यासाठी ‘लक्स’ ही पद्धत वापरतात. डिस्कची खरी किल्ली संगणक स्वतः तयार करतो. परवलीच्या शब्दाने ती किल्ली कूटबद्ध करून डिस्कच्या आरंभीच्या भागात, म्हणजे शीर्षात, एका कप्प्यात ठेवलेली असते. लक्सच्या पहिल्या आवृत्तीत असे ८ कप्पे असतात, तर दुसऱ्या आवृत्तीत ३२ पर्यंत. प्रत्येक कप्प्याचा परवलीचा शब्द निराळा असू शकतो. एक बाइट जरी चुकली, तरी कप्पा उघडत नाही. शब्द कायमचा विसरला, तर कोणतीही मागची वाट नाही.

शोध कसा घ्यावा?

प्रयोगशाळेचाच नियम येथेही पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला.

१. डिस्क फॉरमॅट करू नका. त्यानंतर शोधण्यासारखे काहीच उरणार नाही.

२. कॅप्स लॉक दाबून त्याचा दिवा लागतो का, पाहा. लागत नसेल, तर दुसरा कळफलक जोडा. दिवा लागत असेल, तर तो विझवूनच शब्द टंका.

३. परवलीच्या शब्दात अंक असतील, तर ते अक्षरांच्या वरच्या ओळीतून टंका. नम लॉक बंद असेल, तर उजवीकडच्या कळा अंक देत नाहीत.

४. तरीही यश आले नाही, तर लिनक्स असलेल्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करा. तेथे मराठी तक्ता निवडा आणि तोच शब्द देऊन डिस्क उघडा. उघडली, तर कुलूप शाबूत आहे आणि दोष तक्त्याचा आहे.

कुलूप उघडल्यावर क्रिप्टसेटअप या साधनाने रिकाम्या कप्प्यात नवा परवलीचा शब्द घाला. तो लांब असावा आणि साध्या रोमन अक्षरांचाच असावा. संगणक पुन्हा सुरू करून तो चालतो याची खात्री करा, आणि मगच जुना काढा. शीर्षाची प्रतही दुसऱ्या ठिकाणी जपून ठेवा. शीर्ष नष्ट झाले, तर बरोबर शब्दाचाही उपयोग होत नाही.

करून पाहा

वरील चार कळा एकदा रोमन आणि एकदा मराठी तक्त्यात दाबून दोन फाइली साठवा. त्यांचे आकार ४ आणि १२ बाइट भरतील. काही संपादक ओळीच्या शेवटी एक बाइट आपणहून जोडतात, तेव्हा ५ आणि १३ भरतील. तुमच्या संगणकावर काय आले? आणि ‘कापूस’ टंकल्यास किती येतील, ते आधी कागदावर मांडा, मगच पडताळा.