वर्ग एक, घरच्या बोली अनेक

राजुरी म्हणजे आळेफाट्याजवळचं, कल्याण-नगर महामार्गावरचं बागायती गाव. ‘इथे सगळे मराठीच, भाषेचा कसला प्रश्न?’ असं सहज वाटतं. पण राजुरी ज्या भागात आहे, तो जुन्नर-आंबेगाव परिसर जरा बारकाईनं बघा. पश्चिमेच्या डोंगरात महादेव कोळी, ठाकर, कातकरी. ऊसपट्ट्यात तोडीच्या हंगामात येणारी कुटुंबं, त्यातल्या बंजाऱ्यांच्या घरात गोरबोली. शिवाय मेंढरांमागे फिरणारे धनगर. पाठ्यपुस्तक मात्र सगळ्यांना एकच, प्रमाण मराठीतलं.

माझ्या मते बोलीपेक्षाही वेळापत्रक जास्त छळतं. डोंगरातल्या कुटुंबांना औषधी हिरडा कोवळा (बाळहिरडा) असतानाच झाडावरून काढून वाळवावा लागतो, आणि हा हंगाम येतो नेमका वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. वीटभट्ट्या दिवाळीनंतर पेटतात त्या पावसाळ्यापर्यंत. भट्टीवर गेलेल्या कातकरी पोराचं दुसरं सत्र तिथंच संपतं. मग आपणच म्हणायला मोकळे, ‘यांना शिक्षणाची आवड नाही!’

कागदावर सगळं आहे. घटनेत १९५६ साली आलेला अनुच्छेद ३५०-क, २००९ चा शिक्षण हक्क कायदा, २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण : पहिला भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या सोयी द्या म्हणतो, बाकी दोन्ही शक्य तिथे मातृभाषेतून शिकवा म्हणतात. घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, भागात आश्रमशाळा आहेत. राहण्याजेवणाची सोय त्यांच्यामुळे होते, बोलीची नाही.

शिक्षक मित्रांनो, पहिलीतल्या पोरानं घरच्या बोलीत उत्तर दिलं, तर आधी उत्तर बरोबर आहे का ते बघा. प्रमाण शब्द नंतर सांगता येतो.