चिचोंडीच्या हुलासाबाई आणि घरोघरची ‘बाई’

पुण्याहून सोलापूरकडे जाताना उरुळी कांचन मागे पडले की यवतच्या अलीकडे दौंड तालुक्यातील कासुर्डी लागते. आषाढीच्या वारीत तुकोबारायांची पालखी याच वाटेने यवतच्या मुक्कामाला जाते. चातुर्मासाचे महिने सोडले तर याच वाटेवर कधी दोन, कधी चार महासती अनवाणी विहार करताना दिसतात. पालखीच्या स्वागताला सारे गाव लोटते. महासतींची वाट मात्र बहुधा दुकानामागच्या घरातील एखादी वृद्धाच पाहत असते.

दौंड, शिरूर, नगर या पट्ट्यातील आपल्या कित्येक घरांत तिला ‘बाई’ म्हणतात. मुलांचीही बाई आणि नातवंडांचीही बाईच. सकाळचे अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक, नवकारसीनंतरचा पहिला घोट, पाणी गाळण्याची दक्षता, दिवस मावळण्यापूर्वी चौविहार, हा तिचा दिनक्रम. अशा स्त्रियांची चरित्रे लिहिली जात नाहीत. निधनानंतर छायाचित्राखाली ‘धर्मपरायण, मनमिळाऊ’ असे दोन शब्द छापले जातात आणि त्याखाली पेढीचे नाव येते. पेढीचे नाव पुष्कळदा तिच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत असते, हेही नमूद केले पाहिजे.

या असंख्य बायांपैकी एकीचे नाव टिकले, तेही पुत्रामुळे. नगर जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्यातील चिचोंडी गावी देवीचंदजी गुगळे व हुलासाबाई यांच्या पोटी 27 जुलै 1900 रोजी, श्रावण शुद्ध प्रतिपदेस, नेमिचंद जन्मला. हा नेमिचंद म्हणजेच पुढे श्रमणसंघाचे आचार्यपद भूषविणारे आनंदऋषीजी महाराज. रत्नऋषीजी महाराजांकडे जाऊन प्रतिक्रमण शिकून घे, असे आईनेच त्याला सांगितले, असे त्यांच्या चरित्राविषयी सांगितले जाते.

ही गोष्ट वरवर लहान वाटते. खेड्यातील चारदोन घरांत प्रतिक्रमण मुखोद्गत असणारा कोणी नसला, तर संवत्सरीच्या संध्याकाळी काय अवस्था होते, हे ज्यांनी अनुभवले असेल त्यांनाच त्या सांगण्याचे मोल कळेल. आसने मांडलेली असतात, मुहपत्ती बांधलेल्या असतात, पण पाठ म्हणणाराच नसतो. रोजमेळ जुळल्याशिवाय गल्ल्याला कुलूप न लावणारा आपला समाज आहे. प्रतिक्रमण म्हणजेही दिवसाचा, पंधरवड्याचा, वर्षाचा मेळ. फरक इतकाच, की तेथे खोट दुसऱ्याच्या नावे टाकता येत नाही. हा हिशेब घरात कोणालातरी लिहिता यावा, एवढीच त्या माउलीची अपेक्षा असावी. मुलगा पाठ शिकला आणि घरी थांबलाच नाही.

7 डिसेंबर 1913 रोजी, मार्गशीर्ष शुद्ध नवमीस, मिरी येथे तेराव्या वर्षी नेमिचंदने दीक्षा घेतली. बालदीक्षेविषयी आज समाजात दोन मते आहेत. तो वाद येथे नको. परंतु पालकांची अनुज्ञा मिळाल्यावाचून दीक्षा होत नाही, हा नियम आहे. अनुज्ञेचा तो शब्द उच्चारणे कोणत्याही आईला किती जड जात असेल!

खरी कसोटी तर त्यानंतरची. कालपर्यंत ज्याला हाक मारून जेवायला बोलावले, त्याला आता ‘महाराज साहेब’ म्हणायचे. तीन वेळा ‘तिक्खुत्तो’चा पाठ म्हणून आईनेच पुत्राला वंदना करायची. साधूसाठी म्हणून मुद्दाम केलेला आहार साधूला चालत नाही. तो दोष ठरतो. म्हणजे मुलगा गावात येणार असे कळले, तरी त्याच्या आवडीचा पदार्थ त्याच्यासाठी म्हणून आईला करता येत नाही. घरच्यांसाठी जे रांधले असेल त्यातलेच, त्यांना कमी पडणार नाही इतके, त्याच्या पात्रात पडायचे. ते घ्यावे की न घ्यावे, हेही त्यानेच ठरवायचे. दारात उभ्या असलेल्या लेकराला ‘आणखी घे’ असा आग्रह करण्याची सोयही नाही. दीक्षार्थींच्या त्यागाचे वर्णन आपण व्याख्यानांतून नेहमी ऐकतो. त्यांच्या आयांच्या स्वयंपाकघरातील या त्यागाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

आनंदऋषीजींनी 1936 साली पाथर्डीत श्री तिलोक रत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्डाची स्थापना केली. प्रारंभिक पाठांपासून प्रभाकर, शास्त्री, आचार्यपर्यंत परीक्षांची चढती श्रेणी तेथे आहे. 1964 साली ते आचार्यपदी विराजमान झाले आणि 28 मार्च 1992 रोजी नगर येथे त्यांनी देह ठेवला. पुढे 2002 साली टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. एवढ्या कार्यातून पाथर्डी बोर्डच हुलासाबाईंच्या सर्वांत जवळचे वाटते. एका आईने एका मुलाला पाठ शिकायला धाडले. त्या मुलाने पाठ शिकण्याची सोय गावोगाव नेली. या परीक्षांना केवळ शाळकरी मुले बसत नाहीत. व्यवहारी शाळा चौथीत सुटलेल्या, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेल्या सासवा सुनांच्या शेजारी बसून उत्तरपत्रिका लिहितात. नातवाने आजीकडून पंचवीस बोल म्हणवून घ्यावेत आणि चुकल्यावर तिलाच रागवावे, अशी मौज या परीक्षांच्या दिवसांत घरोघर चालते.

आता महामार्गाच्या कडेच्या गावांतून मुले पुण्याला मार्केट यार्डाच्या आसपास स्थिरावली आहेत. बाईने तिकडे यावे म्हणून आग्रह होतो. लिफ्ट आहे, स्थानक जवळ आहे, दवाखाना जवळ आहे. मुलांचे चुकते असे नाही. पण महासतींच्या विहाराच्या वाटेवर दहाबारा किलोमीटरच्या अंतराने एक तरी उघडे घर लागते, जेथे गरम पाणी निर्दोष मिळेल आणि रात्रीपुरता आसरा मिळेल. असे घर बंद झाले, की त्या दिवशीचा विहार लांबतो आणि ट्रकांच्या वर्दळीतून चालणे वाढते. हे कारण बाई मुलांना सांगत नाही. ‘तिथे मला करमत नाही,’ एवढेच म्हणते.

दिवाळीच्या सुट्टीत नातवंडे येतात. मोबाईलवर प्रतिक्रमणाची ध्वनिफीत लावून देतो, असे ती म्हणतात. बाई ऐकून घेते, कपाटातून चार मुहपत्ती काढते आणि दिवेलागणीला धाकट्यापुढे आसन टाकते. पहिला पाठ तिचा, दुसरा त्याचा.