बॅटरी केव्हा भरते?

मुलांनो, पावसाळ्यात आपल्या पाथर्डी तालुक्यातील कपाशीच्या शेतात गेलात, तर पाठीवर फवारणीचा पंप घेतलेला शेतकरी तुम्हांला दिसेल. पूर्वी हा पंप हाताने दांडा हलवून चालवावा लागे. आता पुष्कळ पंपांत १२ व्होल्टची लहान बॅटरी असते. रात्री ती चार्ज करायची आणि सकाळी पंप पाठीवर घ्यायचा.

माझ्या मामूंकडेही असाच पंप होता. एकदा त्याचा चार्जर जळाला. मी तेव्हा बी.एड. करून नुकताच नोकरीला लागलो होतो. मामू म्हणाले, "मास्तर झालास ना? मग एवढी बॅटरी भरून दे." मी एक जुना बॅटरी एलिमिनेटर आणला, त्याचे बटण १२ वर ठेवले, तारा जोडल्या आणि झोपलो. सकाळी पाहतो तर बॅटरी चटका बसेल इतकी गरम झाली होती आणि तिच्या बाजू फुगल्या होत्या. मामू मला काही बोलले नाहीत. नवी बॅटरी आणायला ते बाजारात गेले. कपाशीवर मावा पडलेला होता आणि फवारणी दोन दिवस लांबली.

माझे काय चुकले? साध्या एलिमिनेटरवर १२ लिहिलेले असले, तरी भार कमी असताना त्यातून १६-१७ व्होल्टही निघू शकतात. शिवाय बॅटरी भरली हे त्याला कळत नाही. तो वीज ढकलतच राहतो.

हे काम नीट करता येते ते प्रयोगशाळेतील पॉवर सप्लायने. त्याला दोन नॉब असतात. एक व्होल्टेजचा, म्हणजे विभवांतराचा. दुसरा विद्युतधारेचा. उर्दूच्या विज्ञानात तुम्ही जिला 'बर्की रौ' म्हणता, तीच ही विद्युतधारा.

दोन हौद शेजारीशेजारी आहेत आणि तळाशी एका नळीने जोडलेले आहेत, अशी कल्पना करा. पहिल्या हौदातील पाण्याची पातळी आपण कायम एकाच उंचीवर ठेवतो. दुसरा हौद रिकामा आहे. सुरुवातीला पाणी जोरात धावेल, म्हणून नळीवर तोटी हवी. दुसऱ्या हौदातील पातळी वर येऊ लागली, की धार आपोआप बारीक होईल. दोन्ही पातळ्या सारख्या झाल्या, की ती थांबेल. व्होल्टेजचा नॉब म्हणजे पहिल्या हौदातील पातळी. धारेचा नॉब म्हणजे तोटी. दुसरा हौद म्हणजे तुमची बॅटरी.

पंपातील बॅटरी बहुधा लेड-आम्ल प्रकारची असते. हा घट फ्रान्सच्या गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केला. एका घटाचे विभवांतर सुमारे २ व्होल्ट, असे सहा घट मिळून १२ व्होल्ट. परंतु ती भरायची असेल, तर पातळी थोडी वर ठेवावी लागते, साधारण १४.४ व्होल्ट. हा आकडा बहुधा बॅटरीवरच छापलेला असतो. तो आधी वाचा.

बॅटरी जोडण्यापूर्वीच पॉवर सप्लायवर १४.४ व्होल्ट लावून घ्या आणि मल्टिमीटरने खात्री करा. मग त्याचे दोन्ही चिमटे क्षणभर एकमेकांना टेकवून धारेचा नॉब ठरवा. बॅटरी ८ अँपिअर-अवरची असेल, तर तिचा दहावा भाग, म्हणजे ०.८ अँपिअर पुरे. आता लाल चिमटा धन टोकाला आणि काळा ऋण टोकाला जोडा. हे उलटे झाले, तर बॅटरी किंवा पॉवर सप्लाय, दोन्हींपैकी काहीही जळू शकते. खोलीची खिडकी उघडी असू द्या, कारण या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघू शकतो.

जोडताच व्होल्टेजचा आकडा १४.४ वरून तेरापर्यंत किंवा त्याखाली उतरलेला दिसेल. विद्यार्थी इथे हमखास घाबरतात आणि नॉब फिरवू लागतात. फिरवू नका. तोटी आपले काम करत आहे, एवढाच त्याचा अर्थ. काही तासांनी आकडा पुन्हा १४.४ वर येतो आणि त्यानंतर धारा उतरू लागते. ती ०.२ अँपिअरच्या खाली जाऊन स्थिरावली, की बॅटरी भरली.

सगळ्या बॅटऱ्या मात्र अशा सरळ स्वभावाच्या नसतात. खेळण्यातील निकेलचे घट भरत आले, की त्यांचे विभवांतर वाढायचे सोडून किंचित घसरते. म्हणजे हौदाचा नियम तिथे चालत नाही. २००० मिलिअँपिअर-अवरच्या रिकाम्या घटाला २०० मिलिअँपिअर धारा द्यायची आणि १४ ते १६ तासांनी घड्याळ बघून काढायचा.

आता सर्वांत महत्त्वाचे. विज्ञान प्रदर्शनासाठी मुले जुन्या लॅपटॉपमधील लिथिअम-आयन घट काढून आणतात. हे घट १९९१ मध्ये बाजारात आले आणि त्यांच्या शोधाला २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वजनाला हलके, पण स्वभावाने तापट. नेहमीच्या एका घटाची मर्यादा ४.२ व्होल्ट. तीन घट ओळीने जोडले, तर १२.६ व्होल्ट. तुम्ही पॉवर सप्लायवर बरोबर १२.६ लावले, तरी धोका उरतोच. समजा, दोन घट ४.१ वर आहेत आणि तिसरा ४.४ वर गेला आहे. बेरीज करून पाहा. ती १२.६ च येते! पॉवर सप्लायला फक्त दोन टोके दिसतात, मधला घट दिसत नाही. तो तिसरा घट फुगतो आणि पेटूही शकतो. म्हणून प्रत्येक घटावर स्वतंत्र लक्ष ठेवणारे संरक्षक सर्किट नसेल, तर असा संच पॉवर सप्लायला जोडू नका. फुगलेला, पिचलेला किंवा पार उतरून गेलेला घट एकटासुद्धा नको. शिक्षक समोर नसतील, तर लिथिअमला हातच लावू नका.

राहता राहिली आपल्याकडील लाईट. चार्जिंग चालू असताना ती गेली, तर धारा उलटते आणि बॅटरीतील वीज पॉवर सप्लायमध्ये शिरते. त्याने यंत्र बिघडू शकते. त्यासाठी धन तारेत एक डायोड घालावा. तो वीज एकाच दिशेने जाऊ देतो. मात्र तो स्वतः अर्धा-पाऊण व्होल्ट खातो. तेव्हा मल्टिमीटर पॉवर सप्लायच्या टोकांवर न लावता बॅटरीच्या टोकांवर लावा आणि तिथे १४.४ च्या वर जाऊ देऊ नका. काम झाल्यावर आधी बॅटरीचा चिमटा काढा आणि मग बटण बंद करा.