शाळेचे पुस्तक घरी जाते तेव्हा

प्राथमिक शाळेला ग्रंथालय असते का, असे विचारले तर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मुख्याध्यापकांच्या खोलीतले एक लोखंडी कपाट येईल. ग्रंथपाल नाही, वाचनाची वेगळी खोली नाही. जिल्हा परिषदेच्या चौथी-सातवीपर्यंतच्या शाळेत हे काम एखाद्या गुरुजींच्या किंवा बाईंच्या अंगावर जादाचे म्हणून येते. तरीही ते कपाट म्हणजे शाळेचे ग्रंथालयच. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे त्याच्या परिशिष्टात आहे. गोष्टींच्या पुस्तकांचा तिथे वेगळा उल्लेख केला आहे, हे विशेष.

पुस्तके येतातही. १९८७ च्या खडू-फळा योजनेत ती आली, पुढे सर्व शिक्षा अभियानात आली, २०१८ पासून समग्र शिक्षा योजनेतून ग्रंथालयासाठी अनुदान ठेवले गेले. कुणी वाढदिवसाला भेट देतो, कुणी वडिलांच्या स्मरणार्थ. मग अडते कुठे? अडते ते कपाटाच्या किल्लीपाशी.

शाळेतली प्रत्येक वस्तू नोंदवहीत चढते. शिक्षकाची बदली झाली की चार्ज द्यावा लागतो आणि नोंदीप्रमाणे वस्तू मोजून दाखवाव्या लागतात. घंटा आहे, नकाशे आहेत, तराजू आहे, पुस्तके मात्र चार कमी आहेत. ती कुणी भरून द्यायची? या एका धास्तीपोटी पुस्तके कुलपात राहतात. यात शिक्षकाला दोष देणे सोपे आहे, पण माझ्या मते ते बरोबर नाही. जो पुस्तके वाटतो त्याची चार हरवतात. जो वाटतच नाही त्याचे कपाट तपासणीच्या दिवशी कोरे करकरीत दिसते. हिशेबाची पद्धतच अशी, की न वाटणारा शहाणा ठरावा.

खडू झिजला म्हणून कुणी जाब विचारत नाही. पहिली-दुसरीच्या मुलांनी हाताळलेले पातळ चित्रमय पुस्तकही झिजणारच. पाने सुटतील, कोपरे दुमडतील, एखाद्यावर चहा सांडेल. अशा पुस्तकांची वर्षातून एकदा यादी करावी, ती शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावी, ठराव लिहावा आणि निर्लेखनाचा प्रस्ताव रीतसर पुढे पाठवावा. समितीत निम्म्याहून अधिक पालकच असतात. आपल्याच मुलांच्या हातून फाटलेले पुस्तक त्यांना चांगले समजते.

देवघेवीसाठी फार काही लागत नाही. एक दोनशे पानी वही, तिच्यात मुलाचे नाव, पुस्तकाचा क्रमांक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. नोंद शिक्षकांनी न करता पाचवी-सहावीच्या दोन मुलांनी करावी. लहानग्यांना कपाटातली पुस्तके दिसत नाहीत, कारण तिथे फक्त पाठकणे दिसतात. म्हणून वर्गात दोरी बांधून तिच्यावर पुस्तके उघडी टांगतात. शिक्षक याला तोरण म्हणतात. मुखपृष्ठावरचा हत्ती दिसला की मूल आपणहून उठते. वार शनिवार ठेवला तर रविवार मोकळा मिळतो. आणि पुस्तक परत आणल्यावर ‘तात्पर्य काय’ असे विचारू नये. तो प्रश्न आला की पुढच्या शनिवारी मूल सर्वांत बारीक पुस्तक उचलते.

घरी नेण्याचा आग्रह कशासाठी? शाळेच्या तासाला मूल वाचते ते पस्तीस मिनिटे, तेही गलक्यात. घरी तेच पुस्तक तीन-चारदा वाचले जाते. शेजारची भावंडे पाहतात, आजी ऐकते. ज्या घरात कॅलेंडर आणि पाठ्यपुस्तक यांखेरीज छापील कागद नाही, तिथे हे एकच दालन उघडते. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे. त्याचे जुने अंकसुद्धा अशा घरात नवेच असतात.

सातारा आणि सांगली हा एके काळी एकच जिल्हा होता. पण पुस्तकांच्या दृष्टीने इथल्या शाळा एकमेकींपासून फार दूर आहेत. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या डोंगरातल्या शाळेत पावसाळ्यात कपाट बंद राहिले की पुस्तकांना बुरशी धरते. तिथे खरे तर पुस्तक कपाटापेक्षा चुलीजवळच्या घरात सुरक्षित! जत, आटपाडी, माणकडे धूळ आणि वाळवी. जतच्या सीमेवर जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. तिथल्या मुलाच्या हाती नुसती मराठी पुस्तके देऊन कसे चालेल? कृष्णाकाठचा प्रश्न आणखी वेगळा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात नदीकाठच्या गावांतल्या शाळांत पाणी शिरले. तळमजल्यावरच्या खोलीत सर्वांत खालच्या कप्प्यात पुस्तके ठेवू नयेत, एवढा बोध तरी तिथल्या प्रत्येक शाळेने घ्यायला हरकत नाही.

कराड, वाळवा, पलूस भागात हंगामात ऊसतोड मजुरांची मुले येतात, जवळच्या शाळेत बसतात. त्यांना पुस्तक घरी द्यावे का, यावर शिक्षकांत दोन मते आढळतात. टोळी एका रात्रीत हलते, पुस्तक जाते. जाऊ द्यावे, असे मला वाटते. त्या मुलांसाठी पातळ, स्वस्त पुस्तके वेगळी काढावीत आणि ती वहीत ‘दिलेली’ म्हणून लिहावीत. कोपीत गेलेले पुस्तक पुढच्या मुक्कामी कुणीतरी वाचेलच.

पुस्तके लोकांच्या हाती सोपवता येतात, हे आपल्याच जिल्ह्याने दाखवले आहे. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरचे भिलार हे स्ट्रॉबेरीचे गाव. वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावाच्या धर्तीवर ४ मे २०१७ रोजी ते ‘पुस्तकांचे गाव’ झाले. गावकऱ्यांनी आपल्या घरांतल्या खोल्या, ओसऱ्या वाचकांसाठी मोकळ्या केल्या. अनोळखी पाहुण्याने कपाटातून पुस्तक काढावे, हवा तेवढा वेळ बसावे. पुढे या योजनेचा विस्तार झाला, तेव्हा पलूस तालुक्यातल्या अंकलखोपचीही निवड झाली. तिथे सरकारचे पाठबळ आहे, हे खरे. शाळेच्या चारशे पुस्तकांना तेवढे लागणारही नाही.

सर्वांत कसोटीचा काळ मे महिन्याचा. मुलांना खरा वेळ असतो तेव्हाच, आणि शिक्षकांच्या बदल्याही बहुधा याच सुमारास होतात. म्हणून एप्रिलअखेर सगळी पुस्तके गोळा करून कुलूप घालण्याची रीत पडली आहे. त्याऐवजी वाडी-वस्तीवर ज्या घरी सहावी-सातवीचे मूल आहे, तिथे चाळीस-पन्नास पुस्तकांची एक पेटी ठेवता येते. यादीच्या दोन प्रती कराव्यात, एक पेटीत, एक शाळेत. पालकाची आणि समितीच्या अध्यक्षांची सही घ्यावी. बदली झालीच, तर नव्या शिक्षकाला चार्जमध्ये पुस्तकांसोबत ही सही केलेली यादी द्यायची. जूनमध्ये शाळा भरली की पेट्या परत येतात आणि मोजदाद मुलेच करतात.